खूप म्हणजे किती?

शर्टाच्या खिशातून पट्टी काढायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि समोरच्याला विचारायचं, "खूप म्हणजे किती?" आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी वीस-बावीस वर्षं हेच करताना पाहिलं. इतर शिक्षकांच्या खिशाला पेन असतो, यांच्या खिशाला पट्टी. पेन ते दुसऱ्याचा मागत आणि परत द्यायला विसरत.

स्टाफरूममध्ये कोणी सहज म्हणालं, "आज खूप ऊन आहे," की प्रश्न आलाच. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर त्यांनी सुतळीने एक थर्मामीटर बांधून ठेवला होता. त्यात डोकावून आल्याशिवाय उन्हाबद्दल बोलायचं नाही, असा नियम. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला जात असू. एकदा मी नाक-डोळे पुसत म्हणालो, "तर्री खूपच तिखट आहे हो आज." तर म्हणाले, "खूप म्हणजे किती? मागच्या शनिवारी तुमी दोन गिलास पाणी पेले होते. आज दीडच पेले. म्हणजे आज कमीच हाय."

मी मराठी शिकवतो. ते मला कधी नावाने हाक मारत नसत, "मराठीवाले" म्हणत. "मराठीवाले, तुमच्या भाषेत सगळं खूपच होते. खूप आनंद, खूप दुःख. मोजून कोणी पाहतच नाही."

"दुःख मोजायची पट्टी आणून द्या सर, मोजतो," मी म्हणायचो.

"पट्टी नाही, तवरी शब्द जपून वापरा," असं म्हणून ते चहात बिस्कीट बुडवत. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्याबरोबर नोकरी करताना वैताग येतो आणि ते गेल्यावर स्टाफरूम फार मोठी वाटायला लागते.

आमची शाळा नागपुरात, कळमन्याच्या घाऊक बाजाराजवळ. मुलं हमालांची, अडत्यांकडे काम करणाऱ्यांची, फळांच्या गाड्या लावणाऱ्यांची. मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि वारा आमच्या बाजूचा असला, की प्रार्थनेच्या मधोमध शिंका सुरू होतात. नवे शिक्षक पहिल्या वर्षी त्यावरून मुलांना रागावतात. दुसऱ्या वर्षी स्वतःच खिशात जाडा रुमाल ठेवतात.

अशा शाळेतून सर दरवर्षी चार-पाच मुलं घेऊन विज्ञान प्रदर्शनीला जात. बक्षीस क्वचितच मिळे. परत आल्यावर प्रत्येक स्पर्धकाच्या हातात ते एक फुलस्केप कागद देत. कागदावर त्यांच्या तिरप्या अक्षरात दोनच शब्द असत : 'काय बिघडलं?' त्याखाली मुलाने आपलं मनोगत लिहायचं. स्पर्धेचं मनोगत म्हटलं की मुलं काय लिहितात, ते तुम्हाला ठाऊक आहे. 'आम्हाला खूप काही शिकायला मिळाले. परीक्षकांनी खूप छान मार्गदर्शन केले.' सर अशा प्रत्येक 'खूप'भोवती पेन्सिलीने गोल करत आणि कागद परत देत. "जे झालं तेच लिव, बेटा. काय बिघडलं ते लिव. बरोबर आलेलं तर सगळेच लिवतात."

एका मुलाने लिहिलं होतं, 'आमचं पाण्याचं रॉकेट वर गेलं नाही. आडवं गेलं. मोठ्या बाईंच्या गाडीला लागलं. कारण आम्ही बुडाला तीन दगड लावले होते, त्यातला एक निसटला.' सरांनी त्याच्यावर शेरा मारला, 'उत्तम बिघडले.' मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना तो शेरा मुळीच आवडला नाही.

ही मनोगतं ते आधी माझ्याकडे वाचायला देत. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसे, वाक्यं वाकडीतिकडी असत. माझा हात शिवशिवायचा. सर एकच अट घालत. "शुद्धलेखन पाहा मराठीवाले, वाक्य नका पाहू. वाक्य त्या लेकराचं हाय." ही अट मी कित्येक वर्षं पाळली. एकदाच मोडली.

प्रणाली तेव्हा नववीत होती. वडील मिरचीच्या यार्डात हमाल. पाठीवर पोती वाहून वाहून खांदा एका बाजूला गेलेला, आणि खोकला असा, की ते फाटकातून आत येण्याआधी आम्हाला कळायचं. पोरीने सरांना विचारलं, "सर, मिरचीची धूळ पकडता येते काय?" सर म्हणाले, "आधी मोज तं खरी वं. मोजल्याबिगर काय पकडशील?"

मग तिने मोजली. काचपट्टीवर एरंडेलाचा पातळ हात फिरवायचा, ती पट्टी यार्डात बाबा उभे राहतात तिथे ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखून त्यातले कण मोजायचे. एका पट्टीला तिचा अख्खा मधल्या सुट्टीचा वेळ जायचा. डबा खाताना ती तोंडाने आकडे पुटपुटायची. मग दोघांनी मिळून एक मोडका कूलर आणला, त्याचा पंखा उलटा बसवला आणि ओल्या वाळ्यातून यार्डाची हवा ओढायचा उद्योग सुरू केला. नागपुरात मोडका कूलर मिळायला काही अडचण नाही. प्रत्येक गच्चीवर एक असतो.

जिल्ह्याच्या प्रदर्शनीत हा कूलर निवडला गेला. आमच्या शाळेतून राज्याच्या फेरीत जाणारी ती पहिलीच वस्तू. मोठ्या बाईंनी पेढे वाटले. पुढच्या फेरीसाठी एक फाइल पाठवायची होती आणि तिच्यात स्पर्धकाचं एकपानी मनोगत, टाइप केलेलं. दरम्यान प्रणालीने आणखी आठ दिवस मोजणी केली होती आणि तिच्या मनोगताची सुरुवात अशी होती : 'कूलर लावून आठ दिवस मोजलं. धूळ कमी झाली नाही. का नाही झाली ते मला कळलं नाही. पुढच्या वर्षी शोधणार.'

हे पान माझ्याकडे टाइप करायला आलं. शाळा सुटली होती. बाहेर मैदानावर पोरं कबड्डी खेळत होती. मी पान वाचलं. असं लिहून पाठवलं तर हिला कोण उभं करेल? सरांचा हट्ट शाळेपुरता ठीक आहे, राज्याच्या फेरीत कोण नापास कूलर बघायला येणार? मला त्या पोरीची माया आली, हे खरं आहे. आणि मला वाक्य सुधारायची खोड आहे, हेही खरं आहे. मी लिहिलं : 'कूलरमुळे मिरचीच्या धुळीचे प्रमाण खूपच कमी झाले. याचा मला मनस्वी आनंद होतो.' 'मनस्वी' हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून सरांसमोर धरला. त्यांना प्रयोगाच्या तासाला पळायचं होतं. त्यांनी मान वर न करता सही केली.

"पाह्यलं ना तुमी?" एवढंच विचारलं.

"पाहिलं," मी म्हणालो. फाइल ऑफिसातून थेट गेली. प्रणालीने ते पान पाहिलंच नाही.

राज्याची फेरी त्या वर्षी नागपुरातच एका कॉलेजच्या सभागृहात होती. सर होते, प्रणाली होती आणि शाळेची पहिलीच वेळ म्हणून मीही हौसेने गेलो होतो. इस्त्रीच्या गणवेशात पोरगी कूलरशेजारी ताठ उभी. तक्ते स्वतःच्या हाताने आखलेले. तीन परीक्षक आले. त्यांतल्या एका तरुण मॅडमनी फाइल उघडून वाचलं आणि विचारलं, "धूळ खूपच कमी झाली म्हणतेस. खूप म्हणजे किती?"

तो प्रश्न ऐकून प्रणालीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हा तर तिच्या सरांचाच प्रश्न! याचीच तर तयारी झाली होती. ती म्हणाली, "नाही मॅडम, कमी झालीच नाही. मी मोजलं ना. हे पाहा." आणि तिने तक्त्यावर बोट ठेवलं.

मॅडमनी तक्ता पाहिला, पान पाहिलं. "मग हे कोणी लिहिलं?"

पान सरांच्या हातात आलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना पहिली ओळ वाचायला किती वेळ लागला असेल? ते 'खूपच', ते 'मनस्वी' कोणाचं, हे त्यांना विचारावं लागणार नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला मला तेवढा वेळ पुरेसा होता. मी मूग गिळून उभा राहिलो.

"मी लिवलं," सर म्हणाले. "सही माहीच हाय."

प्रणाली त्यांच्याकडे बघत राहिली. माहितीत फेरफार केला म्हणून आमची नोंद रद्द झाली. परतताना टेम्पोत ती मागे, कूलरला धरून बसली होती. सर ड्रायव्हरशेजारी. दोघांच्या मधे मी.

मोठ्या बाईंनी सरांना लेखी समज दिली आणि विज्ञान मंडळ त्यांच्याकडून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्रयोगशाळेत गाठलं. ते काचपट्ट्या धूत होते.

"सर, मी बाईंना सांगतो."

"बाईले सांगून काय होते? मह्या नोकरीचे आता राहिलेच किती दिवस."

"मग प्रणालीला सांगतो."

त्यावर ते थांबले. ओली पट्टी उजेडात धरून पाहत राहिले. "तिले सांगा," ते म्हणाले. "पण मी नाही सांगणार. मी तुमचं नाव घेतलं तं तिचे दोन मास्तर जातीन. एक गेला तेवढा पुरे. तुमी सोताहून सांगसान, तं दोघंही परत येऊ. जवा वाटन तवा सांगा."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचा धंदाच वाक्यं करण्याचा आहे, एक वाक्य जमू नये?

नाही जमलं. आधी म्हटलं, पोरीची परीक्षा होऊन जाऊ दे. मग म्हटलं, दहावीचं वर्ष आहे. मग माझं उपमुख्याध्यापकपदाचं चाललं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. वर्गात प्रणाली मान वर करून पाहायची आणि मी फळ्याकडे वळायचो. ती मात्र माझ्याशी नीट बोलायची. 'हो सर, नाही सर.' ती बोलेनाशी झाली होती ती त्यांच्याशी. प्रयोगशाळेसमोरून जाताना ती पलीकडच्या भिंतीच्या कडेने जायची.

नियमाप्रमाणे सरांनी तिलाही फुलस्केप दिला होता. चार दिवसांनी तो परत आला. सरांनी मला दाखवला. 'काय बिघडलं?' या शब्दांखाली तिने एकच ओळ लिहिली होती. 'जे झालं ते मी लिहिलं होतं, सरांनी ते बदललं.'

"पाहा मराठीवाले," ते म्हणाले, "किती नीट लिवलं पोरीनं. एकही खूप नाही." आणि हसायला गेले. पण ते हसू काही पूर्ण झालं नाही. तो कागद त्यांनी बाकीच्या मनोगतांच्या फाइलीत लावून टाकला.

एकदा तिचे वडील शाळेत आले. खोकला आधी आला, मागून ते आले. व्हरांड्यात आम्ही दोघंही उभे होतो. त्यांनी सरांना हात जोडले. "गुरुजी, पोरगी काहून बोलून नाही राहिली जी? ते मोजणंबी सोडून देलं तिनं. मी म्हटलं, बाई, माह्या खोकल्याचं पाह्यत होती ना तू. तं म्हणते, मोजून काय फायदा."

"मही चूक झाली, भाऊ," सर म्हणाले. "तिची नाही झाली. तिले तेवढं सांगजा."

माझ्या हातात हजेरीपट होता. मी त्यात पाहत राहिलो. त्या माणसाने मला जाताना "येतो जी" म्हटलं, तेव्हा मीही अगदी प्रेमाने "या" म्हणालो. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थित दाढी करून शाळेत गेलो.

सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण मीच केलं. चांगलं झालं, लोक म्हणाले. कार्यक्रमानंतर सरांनी मला बाजूला घेतलं आणि घडी घातलेला एक कागद हातात ठेवला. मला वाटलं, भाषणातले 'खूप' मोजले असतील. उघडला तर फुलस्केप. वर तेच दोन शब्द. खाली कोरा.

"स्पर्धक तुमीबी होते ना," ते म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मी सुटलो असतो.

तो कागद मी चार-पाच वेळा लिहायला घेतला. खराब होऊ नये म्हणून आधी दुसऱ्या कागदावर मसुदे केले. प्रत्येक मसुद्याची भाषा छान होती. एकात तर तीन म्हणी बसल्या होत्या. सगळे फाडून टाकले. मूळ कागद अजून कपाटात आहे, कोराच.

मागच्या थंडीत सर गेले. न्यूमोनिया झाला, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नऊ दिवस होते. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी नाकातोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी भुवया वर करून माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न मला कळला. मी म्हणालो, "सांगतो सर, लवकरच सांगतो." त्यांनी अंगठा आणि तर्जनी थोडी लांब धरून दाखवली, पट्टीने मोजावं तशी. लवकर म्हणजे किती? मग हात खाली ठेवला.

अंत्ययात्रेला जुने विद्यार्थी बरेच आले होते. मी एकेका चेहऱ्यात प्रणालीला शोधत होतो. ती दिसली नाही. ती नाही हे पाहून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिलं पाहिजे. जे झालं ते लिहायचं म्हटल्यावर हेही आलंच.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. डॉक्टरांनी मला उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली, म्हणून सकाळीच रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजीत गेलो. आत पांढरा कोट घातलेली मुलगी नळीवर माझं नाव लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने दोनदा पडताळून पाहिलं आणि मग मान वर केली.

"मराठीचे सर ना? ओळखलं नाही काय?"

ओळखलं होतं. ते आकडे पुटपुटणारे ओठ मी कसे विसरेन? बाबांचं विचारलं. "गेले ना सर, दोन वर्षं झाले," ती म्हणाली. "फुप्फुसाचंच." माझ्या दंडाला तिने रबरी पट्टा आवळला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"प्रणाली, तुझी ती ओळ सरांनी बदलली नव्हती. मी बदलली. त्यांनी न वाचता सही केली होती. त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

ऐकताना तिचा हात थांबला. बाहेर काउंटरवर कोणीतरी पावती मागत होतं. तिने कापसाला स्पिरिट लावलं, माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला पुसलं.

"मूठ बांधा," ती म्हणाली.

मी मूठ आवळली. सुई गेली. नळीत रक्त चढताना ती त्याकडेच पाहत होती. मग अगदी हळू बोलायला लागली.

"विज्ञानाचे सर दवाखान्यात होते तवा त्यांचं रक्त आमच्याच इथं येत होतं. रोज सकाळी. नळीवर नाव पाहून ओळखलं मी. आकडे मीच टाकत होती. रोज बिघडून राहिले होते ते मले दिसत होतं. दोन गल्ल्या पलीकडे होते, सर. चालत पाच मिनिटं लागत नाही." तिने पट्टा सोडला. "मी गेली नाही."

मी म्हणालो, "मला खूप वाईट वाटतं गं."

तिने सुई काढली. माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता.

"खूप म्हणजे किती, सर?"

तिने टोचलेल्या जागी कापूस ठेवला, माझंच बोट उचलून त्यावर टेकवलं आणि म्हणाली, "दाबून धरा, पाच मिनिटं." मग नळी स्टँडमध्ये लावून तिने पुढचं नाव पुकारलं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन कापूस दाबून बसलो. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं, पण मी मोजलं नाही.